बांगड्यावर वाजलेला भूप: स्पेशल मुलांसाठी म्युझिक टेकचं वर्कशॉप कसं घ्यायचं

माझं देवगड तालुक्यात मोबाईल-लॅपटॉप रिपेरिंगचं दुकान आहे आणि संध्याकाळी भजनात पेटी वाजवतो. म्हणजे मी काही स्पेशल टीचर नाही, थेरपिस्ट तर नाहीच. काही वर्षांपूर्वी एक बाई शाळेतला टॅब रिपेरला घेऊन आल्या, म्हणाल्या ह्याच्यावर पियानोचं ॲप टाकून द्या, आमच्या वर्गात एक मुलगा आहे त्याला आवाजाचं वेड आहे. टॅब द्यायला मी स्वतःच गेलो आणि तिथून हे सुरू झालं. आता तीन-चार महिन्यांतून एखादं वर्कशॉप होतंच. मग कोणीतरी फोन करून विचारतं, दादा आम्हाला पण करायचंय, काय काय लागतं? दर वेळी तेच तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पहिल्या वर्कशॉपला मी अर्धं दुकान उचलून नेलं होतं, दोन मोठे स्पीकर, कॅसिओ, डिस्कोची फिरती लाईट, लॅपटॉप, हेडफोन, सगळंच. दहा मिनिटांत एक मुलगा कानावर हात ठेवून पडवीत पळाला तो परत आलाच नाही. कॅसिओभोवती तीन धडधाकट भावंडंच बसली जी आपल्या बहिणीबरोबर आली होती. आणि ज्या मुलीसाठी एवढा घाट घातला, सीपीवाली (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हातापायांच्या हालचालीवर ताबा कमी), व्हीलचेअरवर, तिचा हात धरून मी कॅसिओच्या पट्ट्यांवर आपटत होतो. सूर निघत होते, आई फोटो काढत होती, आणि पोरगी खिडकीबाहेर बघत होती. बरोबरच आहे ना, वाजवत मी होतो.

तेव्हापासून एकच नियम ठेवलाय. आवाज मुलाने काढायचा. मग तो एका बोटाने काढू दे, गालाने काढू दे, भुवईने काढू दे. टेक्नॉलॉजीचं काम एवढंच की त्या मुलाकडे जी काय बारीकशी हालचाल आहे तिला मोठा आवाज द्यायचा. बाकी सगळं सामान दुय्यम आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की खर्चही निम्म्यावर येतो.

आधी फोन करा, सामान नंतर

वर्कशॉपच्या आठ-दहा दिवस आधी प्रत्येक मुलाच्या आईशी किंवा बाईंशी बोलून घ्या. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत, पण तुम्हाला सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ते विचारून फार काही मिळणार नाही. दोन मुलं, दोघांच्या कागदावर सेरेब्रल पाल्सीच लिहिलेलं, एकजण ढोल बडवेल आणि दुसऱ्याला फक्त अंगठा हलवता येतो. म्हणून असं विचारा: त्याच्या अंगातली कुठली गोष्ट तो स्वतःच्या मर्जीने हलवतो? हो आणि नाही कसं सांगतो? कुठला आवाज आवडतो, कुठल्या आवाजाने बिथरतो? मिक्सर, कुकरची शिट्टी, ताशा ही तीन नावं मी मुद्दाम घेतो, आईला लगेच आठवतं.

फिट येते का हे विचारायला विसरू नका. येत असेल तर लुकलुकणाऱ्या लाईटी घरीच ठेवा, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारी कुठलीही गोष्ट नको, स्क्रीनवर पण नको. गिळायला त्रास होतो का तेही विचारा, कारण आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की कोणीतरी लाडू-चिवडा घेऊन येणारच आणि न विचारता पोराच्या तोंडात घालणार. आणि फोटोचं. फोटो काढू का, कुठे टाकू का, दोन्ही वेगवेगळं विचारायचं. बिच्चाऱ्या लेकराचा व्हिडिओ आणि खाली बासरीचं रडकं म्युझिक, हा प्रकार माझ्या डोक्यात जातो.

कधी, कुठे

आपल्या कोकणात तारीख ठरवणं हेच निम्मं काम आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, व्हाळाला पाणी आलं की वाडीतून रिक्षा निघत नाही. गणपतीत चाकरमानी आलेले, कोण येणार वर्कशॉपला. मार्चमध्ये शिमगा, एप्रिल-मेमध्ये घरातली सगळी माणसं आंब्यात. राहिलं काय, दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत. तेव्हाच करा आणि सकाळी दहा-साडेदहाला करा, दुपारी मुलं पेंगतात. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण थांब्यापासून शाळेपर्यंत व्हीलचेअर कोण ढकलणार हा खरा प्रश्न, तेव्हा जागा थांब्याजवळची बघा.

खोली तळमजल्यावरची. एका ठिकाणी आम्हाला मोठ्या कौतुकाने वरचा हॉल दिला, एसी वगैरे, आणि जिना बघून मी कपाळाला हात लावला. शेवटी खाली सायकल स्टँडच्या शेडमध्ये ताडपत्री अंथरून केलं आणि खरं सांगतो, झकास झालं. पत्र्याखाली आवाज घुमतो मात्र, भिंतीला दोन-चार गोधड्या टांगल्या की बरंच कमी होतं. बाजूला एक शांत कोपरा हवाच, चटई, उशी आणि कोणी बोलवायला येणार नाही अशी जागा. संडास जवळ आहे का, त्यात खुर्ची जाते का ते आधी स्वतः बघून या, फोनवर सगळे हो म्हणतात.

लाईट जाणार हे गृहीत धरा. म्हणून सगळं बॅटरीवर चालेल असंच सामान न्या. ह्याचा अजून एक फायदा आहे तो पुढे सांगतो.

मुलं किती? पहिल्यांदा करत असाल तर पाच, फार फार तर सहा, आणि दोन मुलांमागे एक मोठं माणूस. ट्रस्टीसाहेब म्हणतील वीस तरी बसवा, तेव्हा गोड बोलून नाही म्हणायचं.

सामान

स्पीकर एकच, आणि तो वायरवाला. ब्लूटूथ स्पीकर नका नेऊ. त्यात आवाज पोचायला शे-दोनशे मिलिसेकंद तरी उशीर होतो, गाणी ऐकताना कळत नाही पण इथे सगळा खेळच 'मी दाबलं आणि वाजलं' ह्यावर आहे. ज्या मुलाला हात हलवायलाच एवढा जोर लावावा लागतो त्याने दाबलं आणि आवाज मागाहून आला तर त्याच्या डोक्यात जोडलंच जात नाही की हे मी केलं. ऑक्स वायर पन्नास-शंभरला मिळते, तिने हा प्रश्न मिटतो.

लॅपटॉप जुना चालतो. त्यात स्क्रॅच टाकून घ्या, अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी मुलांना कोडिंग शिकवायला काढलेलं आहे, फुकट आहे, आणि त्याचं ऑफलाईन ॲप मिळतं हे आपल्यासाठी महत्त्वाचं, कारण वाडीत रेंज कुठे असते. रेंज असेल तर गुगलचं क्रोम म्युझिक लॅब पण मस्त आहे, त्यातलं साँग मेकर म्हणजे रंगीत चौकटींचा तक्ता, बोट लावाल तिथे सूर. टॅब देणार असाल तर ॲप पिन करून द्या, सेटिंगमध्ये स्क्रीन पिनिंग असतं, नाहीतर दोन मिनिटांत पोरगं यूट्यूबवर.

आता स्विच. बाहेर 'ॲक्सेसिबिलिटी स्विच' म्हणून मोठी रंगीत बटणं मिळतात, चांगली असतात पण किंमत ऐकून परत ठेवाल. मी असं करतो. दोन-अडीचशेचा वायरवाला यूएसबी माऊस घ्यायचा, उघडायचा. डाव्या क्लिकच्या खाली छोटा स्विच असतो, त्याला तीन पाय. क्लिक केल्यावर त्यातले जे दोन पाय जोडले जातात ते मीटरने बघून त्यांना दोन वायरी सोल्डर करायच्या आणि त्या बाहेर काढून ३.५ एमएमच्या मोनो सॉकेटला जोडायच्या. झालं. आता ह्या सॉकेटमध्ये जे काय बटण लावाल ते दाबलं की लेफ्ट क्लिक होणार. माऊस उलटा ठेवून खालच्या सेन्सरवर काळी टेप मारा म्हणजे कर्सर इकडेतिकडे पळत नाही. हे तुम्हाला जमत नसेल तर गावातल्या कुठल्याही रिपेरिंगवाल्याकडे जा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

बटण म्हणून दारावरच्या बेलचा स्विच वापरा. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, दाबलं की चालू सोडलं की बंद, हवं तेच. त्याच्यावर प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण चिकटवलं की मोठं बटण तयार. पण एक लक्षात ठेवा, हे बटण आता फक्त माऊसच्या वायरीला लावायचं, घरच्या लाईटशी त्याचा काही संबंध नाही. मी हे सांगतो कारण एकाने विचारलं होतं.

ज्यांच्या बोटात तेवढाही जोर नाही त्यांच्यासाठी फॉइलचा स्विच. पुठ्ठ्याचे दोन तुकडे, वहीच्या पानाएवढे, दोघांच्या आतल्या बाजूला डब्यात पोळ्या गुंडाळतात ती ॲल्युमिनियम फॉइल, मध्ये भांडी घासायच्या स्पंजचा पातळ काप आणि त्याला मधोमध मोठं भोक. दोन्ही फॉइलला एकेक वायर, ती त्याच माऊसच्या सॉकेटला. वरून नुसता हात टेकला की भोकातून फॉइलला फॉइल लागते आणि क्लिक. मांडीखाली ठेवा, गालाशी ठेवा, पायाखाली ठेवा. पावसाळी हवेत पुठ्ठा नरम पडतो म्हणून आदल्या दिवशी बनवायचा, महिनाभर आधी नाही.

स्क्रॅचमध्ये एवढंच करायचं

खाली डाव्या कोपऱ्यात एक्स्टेन्शनचं बटण आहे, त्यातून म्युझिक घ्या. मग 'व्हेन स्टेज क्लिक्ड' हा ठोकळा ठेवा (स्टेज म्हणजे स्क्रॅचमधली चित्राची चौकट, कर्सर तिच्यावरच ठेवायचा) आणि त्याला 'प्ले नोट ६० फॉर ०.२५ बीट्स' जोडा. माऊसवाला स्विच दाबा, सा वाजेल. ६० म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी एकचा सा. तुमच्या बुवांची पट्टी काळी एक असेल तर सगळ्या आकड्यांत एकेक मिळवा.

सूर कुठले लावायचे? इथे आपलं घरचं ज्ञान कामाला येतं. भूप राग लावा. सा रे ग प ध, म आणि नि नाहीच. आकड्यांत ६०, ६२, ६४, ६७, ६९ आणि वरचा सा ७२. भूपात कुठलाही सूर कुठल्याही सुरानंतर वाजवा, कानाला खटकत नाही. म्हणजे मुलाचं चुकायला जागाच उरत नाही. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप त्याच पट्टीत बारीक लावून ठेवा, मग एकच सूर मारला तरी तो गाण्यातला वाटतो. परदेशातले लोक ह्याला पेंटाटॉनिक म्हणून मोठमोठी आर्टिकलं लिहितात, आपल्याकडे पेटी शिकायला बसलं की सुरुवातीलाच भूप.

एक खड्डा आहे तो सांगतो, मी त्यात पडलोय. कीबोर्डची की वापरत असाल, म्हणजे 'व्हेन स्पेस की प्रेस्ड', तर की दाबून धरली की सूर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. ज्या मुलांचे हात आखडतात त्यांना दाबता येतं पण पटकन सोडता येत नाही, मग मशीनगन सुरू. म्हणून प्ले नोटच्या खाली 'वेट अनटिल' लावा, त्यात 'नॉट', त्यात 'की स्पेस प्रेस्ड'. हात उचलल्याशिवाय दुसरा सूर येत नाही.

मेकी मेकी आणि बांगडा

मेकी मेकी नावाचा एक बोर्ड येतो. जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम ह्या एमआयटीच्या दोन पोरांनी काढला, २०१२ला. लॅपटॉपला वाटतं कीबोर्ड लावलाय. पुढच्या बाजूला सहा जागा, चार ॲरो, एक स्पेस आणि एक क्लिक, आणि खाली अर्थ, म्हणजे अर्थिंगची जागा. भूपाचे सूर किती मोजले आपण? सहा. जणू आपल्यासाठीच बनवलाय. ओरिजिनल महाग पडतो, आर्डुइनो लिओनार्डो नावाच्या दुसऱ्या बोर्डाच्या धर्तीचे कॉपी बोर्ड स्वस्तात मिळतात.

प्रत्येक जागेला क्रोकोडाईल क्लिपची एक वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला थोडा ओलावा असलेली कुठलीही वस्तू. मुलाने एका हाताने अर्थची वायर धरायची आणि दुसऱ्या हाताने वस्तूला हात लावायचा, सर्किट पूर्ण, सूर वाजला. इथे करंट नखाएवढा पण नसतो, तरीही लॅपटॉप चार्जरवर ठेवू नका, बॅटरीवरच चालवा, मगाशी म्हटलं तो फायदा हा. काही चार्जरवर लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्या मुलाच्या वाट्याला नकोत, आणि ढग गडगडत असतील तर प्रश्नच नको.

अर्थची वायर धरून ठेवणं बऱ्याच मुलांना जमत नाही. मग हातात स्टीलचं नाहीतर पितळेचं कडं घालायचं आणि क्लिप कड्याला. पैंजण असेल तर आणखी बरं, दोन्ही हात मोकळे.

वस्तू काय घ्यायच्या हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडे केळं, बटाटा, कोकमाच्या पाण्याची वाटी, ओल्या नारळाची कातळी, आणि उकड. मोदकाची उकड काढतो तशीच, फक्त मीठ भरपूर घालून, मस्त मऊ गोळा होतो आणि सूरही हमखास वाजतो. कणकेपेक्षा मला उकड आवडते, हाताला चिकटत नाही. काही मुलांना मात्र ओलं-लिबलिबीत हाताला लागलेलं अजिबात सहन होत नाही, त्यांच्यासाठी स्टीलची पळी किंवा वाटी ठेवायची.

तर एकदा किनाऱ्याजवळच्या वाडीत वर्कशॉप होतं आणि मी आदल्या दिवशी सांगितलं होतं की घरातली एकेक वस्तू घेऊन या. एका मुलाचे बाबा बोटीवर जातात. त्याने आणला बांगडा. ताजा, चकचकीत, पिशवीत बर्फ घालून. बाई म्हणाल्या शी, ठेव तो बाहेर. मी म्हटलं राहू दे, लावू. क्लिप शेपटीला, वरचा सा. बोट लावलं आणि बांगडा असा काही वाजला की एरवी कोणाकडे न बघणारा एक मुलगा उठून आला, वाकून बांगड्याच्या डोळ्यात बघितलं आणि हळूच टिचकी मारली. पुन्हा वाजला. मग पुढची वीस मिनिटं केळं-बटाट्याला कोणी विचारलं नाही, सगळे नंबर लावून बांगड्यापुढे, दारात मांजर पण येऊन बसलं. त्या मुलाचा रुबाब बघायचा होता तुम्ही. भूपाचा तार षड्ज त्याने आणला होता.

अजून एक खेळ. एकाच्या कड्याला अर्थ लावा, दुसऱ्याने केळं धरायचं, आणि दोघांनी एकमेकांना टाळी द्यायची. टाळी दिली की सूर. माणसातूनच सर्किट जातं. सगळ्यांनी गोल करून हात धरले तरी वाजतं. हात धरणं ज्याला आवडत नाही त्याने मधे पळीचं एक टोक धरायचं.

आपल्याकडे दमट हवेने कधीकधी उलटाच त्रास होतो. ओल्या पुठ्ठ्यावर सगळं मांडलं की करंट पुठ्ठ्यातूनच जातो आणि सूर आपोआप वाजत बसतात, भूत शिरल्यासारखे. प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर मांडा.

हातच लावायचा नसेल तर

स्क्रॅचमध्येच व्हिडिओ सेन्सिंग आहे. लॅपटॉपचा कॅमेरा चालू करा, 'व्हेन व्हिडिओ मोशन ग्रेटर दॅन १०' आणि त्याखाली सूर. स्क्रीनवर जे चित्र ठेवाल त्या जागी हालचाल झाली की वाजतं. चित्र मुलाच्या खांद्यावर ठेवा, खांदा हलला की वाजेल. आकडा कमी केला की बारीक हालचाल पण पकडतो. लांब बसवा, जवळ बसवा, बघत बघत जमवायचं. फक्त फ्रेममध्ये सीलिंग फॅन येऊ देऊ नका, मी एकदा दहा मिनिटं पोराचं कौतुक करत होतो आणि वाजवत होता पंखा.

ही कल्पना जुनीच आहे तशी, थेरेमिन नावाचं हात न लावता वाजणारं वाद्य रशियात १९२०च्या सुमारास निघालं, आणि ब्रिटनमध्ये साउंडबीम नावाचं यंत्र अल्ट्रासॉनिक लहरींनी हवेतला हात ओळखून सूर काढतं, तिकडच्या स्पेशल शाळांत वापरतात. आपल्याला कॅमेऱ्यात भागतंय.

आणि सगळ्यात स्वस्त गंमत म्हणजे पिझो. पितळी चकती असते, बझरमधली, दहा-वीस रुपयांना, ज्याला चिकटवाल त्याची थरथर माईकसारखी पकडते. तिला वायर आणि मोठी पिन लावून भजनी मंडळाच्या मिक्सरला जोडा. चकती करवंटीला चिकटवा आणि नखाने खाजवा. झाडूचा हीर, चिऱ्याचा तुकडा, सुकलेली झावळी, सगळं बोलायला लागतं. मग मिक्सरचा इको वाढवा. भजनात बुवा इको किती लावतात त्यावर मी एरवी कुरकुर करतो, पण इथे पाहिजे तेवढा लावा. जी मुलं बोलत नाहीत, नुसता आ किंवा ऊ काढतात, त्यांच्यासमोर माईक धरून तो आवाज इकोतून परत ऐकवा. आवाज सुरुवातीला बारीक ठेवा, पिझो अचानक किंचाळतो.

प्रत्यक्ष चाळीस मिनिटं

तासाचं करू नका, चाळीस मिनिटं बास. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावा, आधी नमस्कार, मग बटण, मग बांगडा, मग शांत, मग टाटा. झालेल्या चित्रावर फुली मारत जायचं. ऑटिझमवाल्या मुलांना पुढे काय येणार हे दिसलं की निम्मी धास्ती जाते.

नमस्काराचं गाणं स्वतः बनवा, दोन ओळींचं, प्रत्येकाचं नाव घेणारं. नाव घेतलं की पेटी थांबवायची. आणि आता जी गोष्ट सांगतो ती सगळ्यात अवघड आहे. थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं, दहा झाले तर अजून पाच. मुलाला ऐकू येऊन, समजून, हाताला हुकूम जाऊन हात हलेपर्यंत वेळ लागतो, आणि आपण तीन सेकंदांत 'दाब ना, दाब ना सोन्या' म्हणून सगळं पुसून टाकतो.

ती खिडकीबाहेर बघणारी मुलगी सांगितली ना, तिच्याकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त फॉइलचा एक स्विच नेला होता. गुडघ्याच्या बाजूला लावला, कारण आई म्हणाली गुडघा तिचा तिच्या मर्जीने हलतो. तिचं नाव घेतलं आणि थांबलो. पंख्याचा आवाज, बाहेर कोंबडा. मी बारापर्यंत मोजलं, आई पुढे व्हायला लागली तिला हाताने थांब म्हटलं. सतराला गुडघा हलला. पखवाजाचा 'धा' रेकॉर्ड करून ठेवला होता तो वाजला. तिने मान वळवली, स्पीकरकडे नाही, गुडघ्याकडे. मग पुन्हा. ह्यावेळी आठलाच. दारात आजी उभी होती ती म्हणाली, "ह्या तेनाच वाजवल्यान काय?" मी म्हटलं होय आजी, तिनेच. आजी आत जाऊन सगळ्यांना घेऊन आली आणि त्या दिवशी 'धा' किती वेळा वाजला देव जाणे.

मदत करावीच लागली तर मुलाचा हात वरून धरून आपटू नका. तुमचा हात खाली, त्याचा वर, म्हणजे नको असेल तर त्याला काढून घेता येतो. आणि कोणी नाही म्हटलं, मान फिरवली, तर ते उत्तर आहे. कोपऱ्यात बसून नुसतं ऐकणारा मुलगाही वर्कशॉपमध्येच आहे.

पुढे मग भजनी ठेका मोबाईलवर लूपमध्ये लावायचा आणि सगळ्यांनी मिळून. कोणाचा स्विच टाळ, कोणाचा झांज, कोणाचा भूपाचा एक सूर. आवाज मोबाईलच्या डेसिबल मीटरवर बघत राहा, ७५च्या आसपास ठेवा, आपल्याकडे ताशाच्या सवयीने सगळ्यांचे हात नॉबवर वरच जातात.

कर्णबधिर मुलं असतील तर त्यांना बाजूला बसवू नका. स्पीकर लाकडी बाकड्यावर पालथा ठेवा आणि मुलांना अनवाणी बाकड्यावर बसवा, किंवा हातात फुगवलेला फुगा द्या. खालचे सूर अंगाला लागतात, डग्ग्याचा घुमारा तर पोटात जातो. एव्हलिन ग्लेनी नावाची स्कॉटलंडची जगप्रसिद्ध तालवादक जवळजवळ पूर्ण बहिरी आहे आणि ती अनवाणी वाजवते. कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने कानात बसवलेलं यंत्र) असलेल्यांना चालीपेक्षा ठेका जास्त नीट कळतो, त्यांना तालाकडचं काम द्या. अंध मुलांसाठी प्रत्येक बटणावर वेगळं काहीतरी चिकटवा, एकावर काथ्या, एकावर शिंपला, एकावर मखमल, आणि मधेच जागा बदलू नका.

गडबड झाली तर

एखादं मूल बिथरलं तर आवाज बंद, गर्दी लांब, आणि समजावत बसू नका. शांत कोपरा त्यासाठीच आहे. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही. कांदा आणि चप्पल हुंगवायला कोणीतरी धावतंच, त्याला घड्याळ बघायचं काम द्या. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. आणि बटण सेल, नाण्याएवढे ते चपटे, वर्कशॉपमध्ये आणूच नका. पोटात गेला तर जिवाशी खेळ आहे.

गॅदरिंगमध्ये दाखवा म्हणून आग्रह होतो. मुलांना हवं असेल तर दाखवा, पण पाहुण्यांची भाषणं, शाल-श्रीफळ होईपर्यंत त्यांना स्टेजमागे दीड तास ताटकळत ठेवणार असतील तर मी सरळ नाही सांगतो. त्यापेक्षा आया-आज्या बोलवा, चहा ठेवा, आणि त्यांनाच बांगड्यासमोर बसवा.

निघताना माऊस आणि एक स्विच शाळेत ठेवून या, बाईंना दोनदा लावून दाखवा. स्क्रॅचची फाईल डेस्कटॉपवर, नाव मराठीत. घरी आलात की क्रोकोडाईल क्लिपा त्याच रात्री पुसून कोरड्या करा, खारी हवा आणि उकडीतलं मीठ, आठवड्यात हिरव्या पडतात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उकड टाकून द्या, कितीही मोदकासारखी दिसली तरी पोरांना खाऊ देऊ नका. बांगड्याचं म्हणाल तर आमचा मांजराने नेला.